करदाते, लाभार्थी आणि एक फसवं भांडण

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये टाकणारी ‘माझी लाडकी बहीण’ योजना आणली आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच सूर लागला: आमच्या टॅक्सच्या पैशांतून मतं विकत घेतली जातायत. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, तेव्हा त्याच ग्रुपांवर पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं. शेवटी कुणाला तरी मध्यमवर्गाची आठवण झाली! समोरच्या गोटात नेमका उलटा पाढा चालू होता: दीड हजार रुपये हा गरिबाचा हक्क आणि करमाफी म्हणजे खात्यापित्या घरांचे लाड. हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि दोन्ही बाजू ते चुकीच्या जागी उभ्या राहून भांडतायत असं माझं स्पष्ट मत आहे. करमाफी आणि हा दीड हजारांचा हप्ता ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत सरकार नागरिकाला एवढंच सांगतं की हे पैसे घे आणि शाळा, दवाखाना, प्रवास, म्हातारपण यांचं तुझं तू बघ. विकसनशील देशांत मध्यमवर्ग वाढतोय, यात वाद नाही. पण तो ज्याच्या आधाराने टिकतो त्या सार्वजनिक सोयी आकसत चालल्या आहेत, आणि त्याबद्दल सर्वांत कमी कुरकुर मध्यमवर्गाचीच आहे.

आधी या वाढीच्या आकड्यांकडे पाहू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हेलियन यांनी २००९ च्या सुमारास हिशोब मांडला की १९९० ते २००५ या काळात विकसनशील जगातले १२० कोटी लोक मध्यमवर्गात आले, त्यातले निम्मे एकट्या चीनमधले. त्यांनी मध्यमवर्गाची पट्टी धरली होती क्रयशक्तीच्या हिशोबाने रोज २ ते १३ डॉलर. आकडा जगभर गाजला. पण याच मांडणीत त्यांनी हेही सांगितलं होतं की विकसनशील जगातला दर सहावा माणूस २ ते ३ डॉलरच्या फटीत उभा आहे, म्हणजे एका आजारपणाने किंवा एका कोरड्या पावसाळ्याने पुन्हा खाली जाईल असा. इशारा कुणी लक्षात ठेवला नाही, १२० कोटी मात्र सगळ्यांच्या तोंडी बसले. २०११ मध्ये आफ्रिकन विकास बँकेने आफ्रिकेत ३१ कोटींहून अधिक मध्यमवर्गीय असल्याचं जाहीर केलं. त्यातले सुमारे ६० टक्के रोज २ ते ४ डॉलरमध्ये भागवणारे होते आणि बँकेने त्यांना ‘तरंगता’ वर्ग असं प्रामाणिकपणे म्हटलंही होतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी तेवढा शब्द सोडून बाकीचा अहवाल वाचला असावा. २०१५ मध्ये नेस्लेने आफ्रिकेतल्या २१ देशांत १५ टक्के नोकरकपात केली आणि तिथल्या अधिकाऱ्याने जाहीरपणे कबूल केलं की या भागातला मध्यमवर्ग आम्हाला वाटला त्यापेक्षा फारच लहान निघाला.

आपल्याकडेही मोजमापाची अशीच गंमत आहे. महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेच्या पद्धतीत वर्षाला एक लाखाहून अधिक कमावणारं कुटुंब पांढऱ्या कार्डाचं, म्हणजे सधन. प्राप्तिकराच्या कायद्यात बारा लाखवाला कराच्या बाहेर. या दोन रेषांच्या मधल्या घराला सरकारचा एक विभाग श्रीमंत म्हणतो आणि दुसरा करमाफीचा धनी. आता हे घर मध्यमवर्गात मोजायचं की नाही?

त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न विचारला तो लॅटिन अमेरिकेवरच्या जागतिक बँकेच्या २०१२ सालच्या अहवालाने. माणूस किती कमावतो यावर न थांबता, पुढच्या पाच वर्षांत तो पुन्हा गरिबीत घसरण्याची शक्यता किती, हे त्याने मोजलं. ती शक्यता १० टक्क्यांच्या खाली येते तिथून पुढे मध्यमवर्ग. ही रेषा रोज १० डॉलरवर पडली. तिच्या वर २००३ मध्ये १० कोटी ३० लाख लोक होते, २००९ मध्ये १५ कोटी २० लाख झाले. सहा वर्षांत दीडपट, घसघशीत वाढ. पण सर्वांत मोठा गट ना गरिबांचा निघाला ना मध्यमवर्गाचा. तो निघाला ४ ते १० डॉलरमधल्या, गरिबीतून सुटलेल्या पण सावरलेल्या नव्हे अशा लोकांचा. मध्यमवर्ग मोजायचाच असेल तर असा मोजावा: एक फटका बसला तर किती खाली पडाल? फ्रीज, मोटरसायकल आणि सेलच्या दिवशीची ऑनलाइन खरेदी मोजून हे कळत नाही. इंडोनेशियाने हे अलीकडे अनुभवलं. तिथल्या सांख्यिकी विभागाच्या मोजणीप्रमाणे २०१९ मध्ये मध्यमवर्ग ५ कोटी ७३ लाख होता, तो २०२४ मध्ये ४ कोटी ७८ लाखांवर आला. मधल्या काळात कोविडचं एक वर्ष सोडलं तर अर्थव्यवस्था वाढतच होती. देश वर चाललेला आणि पाच वर्षांत ९५ लाख माणसं खाली उतरलेली.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. ही वाढ निव्वळ आकड्यांची करामत नाही. लातूर-परभणीकडच्या गावांत स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली, घरातला संडास, पक्कं छप्पर, खात्यावर थेट येणारा पगार ही एका पिढीतली झेप आहे आणि ती ज्यांनी मारली त्यांना ‘चंगळवादी’ म्हणून हिणवण्याची मराठी विचारवंतांची जुनी खोड मला पटत नाही. वॉशिंग मशीन हप्त्यांवर घेतलं म्हणून बाई चंगळवादी होत नाही, तिचे रोजचे दोन तास वाचतात.

करदात्याची तक्रारही पोकळ नाही. २०२२-२३ मध्ये देशात ७ कोटी ४० लाख विवरणपत्रं भरली गेली, त्यातल्या ५ कोटी १६ लाखांवर कर शून्य होता. म्हणजे प्रत्यक्ष प्राप्तिकर देणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि २०२३-२४ मध्ये व्यक्तींकडून आलेला प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा लाखभर कोटींनी जास्त भरला. पगारदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो, त्याला कुठली पळवाट नाही. आणि मोबदला? बदलापूरच्या किंवा हडपसरच्या पुढच्या एखाद्या नव्या गृहसंकुलात राहणारं, दोघं मिळून महिन्याला ८० हजार कमावणारं घर धरून चाला. गृहकर्जाचा हप्ता, दोन मुलांची शाळेची फी आणि व्हॅनचे वेगळे पैसे, मेंटेनन्समध्ये उन्हाळ्यात वाढणारा टँकरचा वाटा, मेडिक्लेमचा प्रीमियम, आणि त्यात आजोबा नाहीत कारण मधुमेह असल्याने कंपनीने त्यांना नाकारलेलं. या घराला सरकार दिसतं कुठे? रस्त्यावरच्या खड्ड्यात आणि पगाराच्या पावतीवर. असं घर चिडलं तर त्यात नवल काय!

पण ‘कर आम्ही भरतो’ हे वाक्य जरा तपासून घेतलं पाहिजे. ते या महाराष्ट्रात पूर्वीही तपासलं गेलं आहे. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा सरळ हिशोबाचा होता. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरच्या आणि सधन वर्गाचा त्यात वाटा जवळजवळ नाही, आणि तरी सरकार शिक्षणावर खर्च करतं तो मुख्यतः त्याच वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की विद्या झिरपत झिरपत खाली जाईल, या इंग्रजी सिद्धांताची त्यांनी तिथे खिल्ली उडवली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. म्हणजे ‘आमच्या पैशांवर दुसरे जगतात’ हा आरोप महाराष्ट्रात पहिल्यांदा ठासून केला तो खालच्यांनी वरच्यांवर. आज त्याच वाक्याचं तोंड फिरलं आहे, इतकंच. कारण आजही साबण, बिस्किटपुडा, मोबाइलचा रिचार्ज आणि डिझेलवर चालणाऱ्या टेम्पोतून आलेली भाजी यांतून कर सगळेच भरतात. ज्या बाईला दीड हजार मिळतात तीही भरते, फक्त कर कापल्याचा दाखला असलेला फॉर्म सोळा तिच्या हाती येत नाही.

आणि जो जुना मध्यमवर्ग ‘आम्ही स्वकष्टाने वर आलो’ म्हणतो, त्याच्या कष्टांबद्दल शंका नाही, पण त्याचा पत्ता मात्र तपासावा. नगरपालिकेची शाळा, रुपयांत मोजावी एवढी सरकारी कॉलेजची फी, यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी सुरू झालेली ईबीसी फी सवलत, १९५६ चं आयुर्विमा महामंडळ, १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर गावोगाव उघडलेल्या बँकांतल्या नोकऱ्या, म्हाडाचं किंवा सिडकोचं घर, १९४८ पासून धावणारी एसटी आणि निवृत्तीनंतर महागाई भत्त्यासकट येणारं पेन्शन. यातली एकही गोष्ट कुणी बाजारातून विकत आणली नव्हती. ती सगळ्यांच्या पैशांतून उभी राहिली होती, ज्यांना तिचा कधीच लाभ झाला नाही अशा शेतमजुरांच्या पैशांतूनसुद्धा. हे सांगताना मला कुणाला अपराधी वाटायला लावायचं नाही. मध्यमवर्ग कसा तयार होतो याची ती सरळ कृती आहे, आणि आपल्याकडे ती एकदा यशस्वी झालेली आहे.

गिरणगावाचंच बघा. १९८१ सालच्या कायम गिरणी कामगाराकडे आजच्या मानाने वस्तू म्हणाव्यात अशा काहीच नव्हत्या. दहा बाय दहाची खोली, नळावर रांग, सामायिक संडास. पण खोलीचं भाडं १९४७ च्या कायद्याने बांधलेलं होतं, खिशात कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं, कार्ड होतं, भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी होती, केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि पोरगा पालिकेच्या शाळेतून रात्रीच्या कॉलेजपर्यंत जवळजवळ फुकट जाऊ शकत होता. हे चित्र गुलाबी करण्यात अर्थ नाही. कायम नसलेल्या ‘बदली’ कामगाराला यातलं बरंच मिळत नसे. आणि दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळाचं कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडावा लागला होता. तरीही आज पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जेवण पोचवणाऱ्या मुलाची आणि या कामगाराची तुलना करा. मुलाकडे स्मार्टफोन आहे, मोटरसायकल आहे, कदाचित महिन्याची कमाईही जास्त आहे. पाय मोडला तर? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. पण पगाराविना दीड वर्ष तग धरणारी घरं त्या गिरणगावात होती. भाडं बांधलेलं होतं, गावी जमिनीचा तुकडा होता, दवाखाना होता. शेवटी ती घरंही मोडली. पण आजच्या किती ‘मध्यमवर्गीय’ घरांत दोन पगार चुकले तरी हप्ता चुकणार नाही?

हा प्रश्न ॲपवरच्या मुलापुरता नाही. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशातल्या काम करणाऱ्यांपैकी जेमतेम २२ टक्के नियमित पगारी निघाले, आणि शेतीबाहेरच्या या पगारदारांतही निम्म्याहून अधिकांकडे नोकरीचा लेखी करार नाही. दवाखान्यावरच्या एकूण खर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. ही सुधारणा आहे आणि ती सांगितली पाहिजे. पण आजही आजारपणावरच्या दर शंभरातले चाळीस रुपये घरातून जातात. बायपास एकदा झाली की वरच्या त्या ८० हजारवाल्या घराचं गणित कोलमडतं. करमाफीतून वर्षाकाठी काही हजार वाचले, तरी ते कुठे पुरणार?

इथेच ती दोन भावंडं पुन्हा समोर येतात. बारा लाखांच्या करमाफीमुळे सरकारने सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडलं. लाडकी बहीण योजनेसाठी सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला. दोन्ही रकमा प्रचंड आहेत, आणि दोन्ही घराघरांत विभागल्या की चिल्लर होतात. दीड हजारांत खाजगी शाळेची फी भरत नाही, करमाफीत खाजगी इस्पितळाचं बिल भागत नाही. एकट्याच्या खिशातले पैसे आणि सगळ्यांच्या पैशांतून उभं राहिलेलं इस्पितळ यांच्या ताकदीत जमीनअस्मानाचा फरक असतो. ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे म्हणून पैसे आले, तिच्यासाठी त्या दीड हजारांची किंमत मी कमी लेखत नाही. नवऱ्यापुढे हात पसरावा न लागणं ही लहान गोष्ट नव्हे. पण तिच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल तर हे पैसे तालुक्याच्या खाजगी डॉक्टरकडेच जाणार. करमाफीवाल्यांचे पैसेही शेवटी तिथेच चाललेत, फक्त त्या डॉक्टरच्या इमारतीला लिफ्ट आहे.

महाराष्ट्राने याहून वेगळं करून दाखवलं होतं, आणि त्याची खूण अजून प्रत्येक पगारदाराच्या पावतीवर आहे. दरमहा कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३००, ‘पी.टी.’ या दोन अक्षरांसमोर. कशासाठी कापतात, हे विचारलं तर निम्म्या ऑफिसला सांगता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने आणि धंदेवाल्याने थोडं द्यायचं, तेवढीच भर राज्याने घालायची आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. १९७७ च्या कायद्याने ती हमी झाली, आणि पुढे २००५ चा देशव्यापी कायदा बनवताना हीच योजना समोर होती. योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं निघाली. शहरांवर येणारे लोंढे थोपवायचे हा शहरी स्वार्थही त्यामागे होता. पण त्या स्वार्थाला दूरवरचं दिसत होतं. खेड्यातला माणूस तगला तर आपलं शहर तगेल एवढं त्याला कळत होतं. आज पगाराच्या पावतीवर वर्षाला अडीच हजार रुपयांची ही कपात असणारा माणूस ग्रुपवर ‘फुकट्यांना पोसणं बंद करा’ म्हणतो, तेव्हा आपल्या आजोबांनी काय कबूल केलं होतं याचा त्याला पत्ता नसतो.

करदाता विरुद्ध लाभार्थी हे भांडण शेवटपर्यंत ताणलं की काय होतं, ते थायलंडने दाखवलं आहे. २००१ मध्ये थाक्सिन शिनावात्रा निवडून आले आणि ‘३० बाट’ची आरोग्ययोजना आली: कुठलाही उपचार, ३० बाट. ईशान्येकडच्या शेतकऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बँकॉकच्या मध्यमवर्गाने हिशोब मांडला की कर आम्ही भरतो आणि सरकार हे अडाणी निवडतात. थाक्सिन काही साधुसंत नव्हते. अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेत हजारो माणसं मारली गेली आणि घरच्या कंपनीच्या विक्रीवर कर न भरल्याचा संताप अगदी रास्त होता. पण मध्यमवर्गाने त्यावर उपाय कोणता शोधला? सप्टेंबर २००६ मध्ये रणगाडे रस्त्यावर आले तेव्हा सैनिकांना फुलं दिली गेली. २००८ मध्ये पिवळ्या सदऱ्यांच्या थाक्सिनविरोधी आघाडीने संसदेतले ७० टक्के सदस्य नियुक्त करण्याची कल्पना मांडली. २०१४ मध्ये पुन्हा लष्कर आलं. मध्यमवर्ग वाढला की लोकशाही आपोआप पक्की होते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य बँकॉकच्या रस्त्यावर खोटं ठरलं. आणि ती आरोग्ययोजना? ती एकाही लष्करी सरकारला बंद करता आली नाही. २००६ च्या उठावानंतरच्या सरकारने तर ते ३० बाटसुद्धा माफ केले. आपल्याकडे ‘मतदानाचा हक्क फक्त करदात्यांना’ असले मजकूर अधूनमधून फिरतात. ते विनोद म्हणून फिरवणाऱ्यांनी बँकॉक आठवावं.

कोरियाचं उदाहरण याच्या विरोधात दिलं जातं: आधी संपत्ती, मग मध्यमवर्ग, मग लोकशाही. जून १९८७ मध्ये सोलच्या ऑफिसांतून टाय लावलेली माणसं विद्यार्थ्यांच्या मोर्चात उतरली, हे खरंच आहे. पण ती माणसं आली कुठून? १९५० च्या सुमारास जमीनदारांची जमीन कुळांना वाटली गेली, प्राथमिक शाळा सगळ्या मुलांपर्यंत पोचली, १९७७ मध्ये पाचशेवर कामगार असलेल्या कंपन्यांत आरोग्यविमा सक्तीचा झाला आणि १९८९ पर्यंत तो सगळ्या देशाला लागू झाला. तोवर कोरिया काही श्रीमंत देश झालेला नव्हता. हुकूमशहांच्या काळात झालं म्हणून त्याचं श्रेय हुकूमशहांना देण्याचं कारण नाही, पण क्रम मात्र नीट पाहावा.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. सरकारी शाळा वाईट म्हणून तर आम्ही बाहेर पडलो, आणि तुम्ही म्हणता आम्ही बाहेर पडलो म्हणून त्या वाईट झाल्या! कोंबडी आधी की अंडं? खरं सांगायचं तर सुरुवात सरकारने केली. शिक्षक भरती वर्षानुवर्षं रखडली, असलेल्या शिक्षकांना निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळीकडे जुंपलं गेलं. पण मध्यमवर्ग गेला तेव्हा तो एकटा गेला नाही, सोबत आपला आवाज घेऊन गेला. अर्ज लिहिता येणारा, माहितीचा अधिकार वापरणारा, वर्तमानपत्राला फोन करणारा आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसणाराही तोच होता. ज्या शाळेत साहेबाचं पोर नाही तिथलं गळकं छप्पर साहेबाला दिसत नाही. फक्त गरिबांसाठी म्हणून उरलेली सेवा टिकवायला ज्यांचं ऐकलं जातं असं कुणी मागे राहत नाही. म्हणूनच ‘मध्यमवर्ग स्वार्थी आहे, त्याला सोडून द्या’ ही डाव्या मंडळींची भूमिकाही मला घातक वाटते. त्याच्या स्वार्थाला पुन्हा सार्वजनिक गोष्टींत गुंतवल्याशिवाय गरिबालाही काही धड मिळणार नाही.

आणि चांगलं काही दिलं तर मध्यमवर्ग परत येतो की! शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली, बाहेरगावचे पालक चकरा मारू लागले. मुंबई महापालिकेने सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. कर्करोगाचं निदान झालं की मलबार हिलपासून मालवणपर्यंतचा माणूस परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतलं सरकारी इस्पितळ आहे याची तेव्हा कुणाला लाज वाटत नाही.

यावर एक साधा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे: मग मी माझ्या मुलीला उद्या पालिकेच्या शाळेत घालू का? नाही. पोराच्या शिक्षणाचा बळी देऊन तत्त्व सिद्ध करायला मी कुणाला सांगणार नाही. सुरुवात जिथून आपण अजून पूर्ण बाहेर पडलेलो नाही तिथून करता येते. उदाहरणार्थ, बस. जून २०१३ मध्ये साओ पावलोत बसचं तिकीट ३ रिआलवरून ३.२० झालं. त्या वीस सेंतावोंवरून सुरू झालेल्या आंदोलनात दोन आठवड्यांत देशभर दहा लाखांहून अधिक लोक रस्त्यावर आले. त्यात मागच्या दहा वर्षांत वर आलेला, उधारीवर फ्रीज आणि गाडी घेतलेला नवा मध्यमवर्गही होता. विश्वचषकासाठी अब्जावधींची मैदानं बांधली जात होती आणि फलकांवर मागणी होती ‘फिफाच्या दर्जाची इस्पितळं, फिफाच्या दर्जाच्या शाळा’. करमाफी कुणी मागितली नाही. त्या आंदोलनाचं पुढे बरंच काही झालं, सगळंच चांगलं नाही, पण भाडेवाढ मात्र मागे घ्यावी लागली.

मुंबईत मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, थेट दुप्पट. ते २०१९ मध्ये ८ वरून ५ वर आणलं होतं हे खरं, त्यामुळे वाढ कधीतरी होणारच होती. पण त्याच काळात एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला बसचा ताफा तीन हजारांच्या खाली गेला आणि स्वतःच्या गाड्या संपवत बेस्ट भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर आली. दुसरीकडे १३ हजार कोटींहून अधिक खर्चाचा किनारी रस्ता झाला, आणि तो वापरायला टोल नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेत वर्षानुवर्षं निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. ७४ हजार ४२७ कोटींचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला. केंद्राच्या अर्थसंकल्पावर ज्या ग्रुपांत रात्री एकपर्यंत चर्चा झाली, करसवलतीचे तक्ते फिरले, त्यांतल्या किती ग्रुपांत या ७४ हजार कोटींतले बेस्टला किती, शाळांना किती, दवाखान्यांना किती, हे कुणी विचारलं? तिथे करदाता आणि लाडकी बहीण एकाच थांब्यावर उभे असतात. बस आली नाही की दोघांनाही रिक्षाच करावी लागते, आणि तिचं भाडं करमाफीतूनही जातं आणि दीड हजारांतूनही.